खंड फाटतो तेव्हा एवढा लाव्हा येतो कुठून?

प्रश्न : सेशेल्स भारतापासून तुटलं आणि दख्खनचा लाव्हाही त्याच सुमारास वाहिला, असं वाचलं. जमीन फाटली की लाव्हा येतोच का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : भरपूर येतोच असं नाही. खंड ताणला की भूकवच पातळ होतं, खालचं प्रावरण (कवचाखालचा तप्त खडकाचा जाड थर) वर सरकतं आणि त्याच्यावरचा दाब घटतो. दाब घटला की खडकाचा वितळणबिंदू उतरतो, त्यामुळे जास्तीची उष्णता न मिळताही तो वितळू लागतो. पण प्रावरण नेहमीइतकंच तापलेलं असेल, तर लाव्हा बेताचाच निघतो. ते शे-दीडशे अंशांनी अधिक तप्त असेल, तर मात्र पूर लोटतो. व्हाइट आणि मॅकेन्झी या भूभौतिकशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये हेच गणित मांडलं. आपल्याकडची उष्णता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या तप्तबिंदूची (प्रावरण जिथे विशेष तापलेलं असतं त्या जागेची), असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. मलाही ते पटतं. क्रम मात्र लक्षात घ्या : बहुतांश लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि सेशेल्स पुरतं सुटलं त्यानंतर.

तुम्ही अलिबागचे, तर ओहोटीला मुरुडच्या किनाऱ्यावर जाच. बेसाल्टला, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाला, छेदून वर आलेल्या भित्ती (भिंतीसारखे खडकाचे पट्टे) दिसतील. ताणलेल्या कवचाच्या भेगांत शिलारस शिरून थिजला, त्या या. हात लावून पाहा : कडेला खडक बारीक कणांचा, कारण तिथे तो झटकन थंड झाला, मध्ये जरा भरड. पुढे पनवेलकडे गेलात, तर सह्याद्रीत जवळपास आडवे असलेले थर तिथे समुद्राकडे कललेले आढळतील.