ओबद्याचाही धनी अहाबच होता

तुमचा प्रश्न मला असा कळला: मालक खोटी बिलं करतो, तुम्ही त्याच्याकडे काही वर्षं नोकरीला आहात. बायबल एकीकडे 'वाइटाचा द्वेष करा' म्हणतं, दुसरीकडे 'दोन धन्यांची चाकरी करता येत नाही' म्हणतं. मग नोकरी सोडायची का? आणि त्या माणसाचा द्वेष करायचा, तर 'शत्रूवर प्रीती करा' याचं काय?

मी पाळक नाही. आयुष्यभर हिशेब लिहिले आणि बायबल वाचत आलो, त्या बळावर लिहितोय.

तुमच्यासारख्याच एका ठिकाणी मी होतो. एकदा वर्षअखेरीला टेबलावर तारखेची जागा कोरी असलेलं बिल आलं. वरून निरोप, "मागची तारीख टाका." पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो, कान तापले होते. शेवटी टाकली. पुढच्या वर्षी तसंच बिल आलं तेव्हा कुणी काही सांगायच्या आत मीच विचारलं, "कितवी टाकू?"

बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या 12:9 मध्ये प्रेषित पौल म्हणतो, वाइटाचा वीट माना. मूळ ग्रीक क्रियापद नव्या करारात फक्त या एकाच ठिकाणी येतं, फार तीव्र किळस असा त्याचा अर्थ. मराठीतला 'वीट' तिथे चपखल बसतो. वीट ही मताची गोष्ट नसते. नुसत्या वासानंही तोंड फिरतं. माझं भ्रष्टाचाराविषयीचं मत त्या दोन्ही वर्षी एकच होतं, अगदी कडक. वीट तेवढा गेला होता. पौलाच्या त्याच वचनाची सुरुवात 'प्रीतीत ढोंग नसावं' अशी आहे, हे वाचताना बहुतेक वेळा निसटतं. ज्याच्यावर खरं प्रेम, त्याला जे मारक त्याचा तिटकारा आपसूक येतो. असा द्वेष वेगळा जोपासावा लागत नाही.

आता दोन धनी. मत्तय 6:24 मधला 'चाकरी'साठीचा मूळ शब्द पगारी नोकराचा नाही, दासाचा आहे. तिथे प्रश्न मालकीचा आहे. तसे एका दासाला एकाहून जास्त धनी असायचेही, प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये अशी एक दासी आहे. तेव्हा येशू कायद्यानं काय जमतं ते सांगत नाही. मन कुणाच्या मालकीचं, एवढंच तो विचारतो, आणि समोर सैतानाला नाही तर धनाला उभं करतो.

दुभंगलेल्या निष्ठेचं सगळ्यात नेमकं चित्र मला जुन्या करारातल्या 1 राजे या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात दिसतं. दुष्काळाचं तिसरं वर्ष. बआल हा पावसाचा, वादळाचा देव. इस्राएली लोकांनी परमेश्वराला उघडपणे सोडलं नव्हतं. पावसासाठी बआललाही धरून ठेवलं होतं, दोन्ही डगरींवर हात. कर्मेल डोंगरावर परमेश्वराचा संदेष्टा एलीया त्यांना विचारतो, दोन मतांमध्ये कुठवर लटपटणार? मूळ हिब्रू शब्द लंगडण्याचा आहे, आणि गंमत म्हणजे पाचच वचनांनी बआलचे संदेष्टे वेदीभोवती नाचतात तिथेही तेच क्रियापद येतं. आणि लोकांचं उत्तर? ते एक शब्दही बोलले नाहीत. मला या अध्यायात आकाशातून पडलेल्या अग्नीपेक्षा ती चुप्पी जास्त घाबरवते.

याच अध्यायात तुमचा माणूस आहे. ओबद्या, इस्राएलचा दुष्ट राजा अहाब याच्या राजवाड्याचा कारभारी. राणी ईजबेल परमेश्वराच्या संदेष्ट्यांची कत्तल करत होती तेव्हा त्यानं शंभर जणांना पन्नास-पन्नासच्या गटानं गुहांमध्ये लपवलं आणि अन्नपाणी पुरवलं. त्यानं नोकरी सोडली नाही, आणि एलीयाही त्याला सोड म्हणत नाही. तो भित्राही आहे. 'मी आलोय हे अहाबाला सांग' एवढंच एलीया म्हणतो, तर हा एका दमात तीनदा म्हणतो, तो मला मारून टाकील. तरी जातो.

त्याच्याशेजारी यहूदाचा राजा यहोशाफाट ठेवून पाहा. भला माणूस, देवाला मानणारा. पण त्यानं अहाबाशी सोयरीक केली आणि त्याच्या बाजूनं रामोथ-गिलादच्या लढाईला गेला. अहाब त्याला म्हणाला, मी वेष पालटतो, तू मात्र राजवस्त्रं घाल. यानं घातली! शत्रूंनी अर्थातच यालाच घेरलं. जीव वाचवून परतला तेव्हा येहू नावाच्या द्रष्ट्यानं तोंडावर विचारलं, दुर्जनाला साहाय्य करावं का? ओबद्या अहाबाचा नोकर होता, यहोशाफाट अहाबाचा मित्र. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोघांच्या मधे कुठेतरी आहे.

माणसाच्या द्वेषाबद्दल गुळगुळीत उत्तर देणार नाही. स्तोत्र 139 मध्ये कवी 'तुझा द्वेष करणाऱ्यांचा मी द्वेष करतो' असं म्हणतोच. पण लगेच पुढे तोच म्हणतो, देवा, माझी झडती घे. निर्गम 23 मध्ये तर तुमचा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तरी त्याला हात लावा असं लिहिलंय. प्रकटीकरणात इफिसच्या मंडळीची 'निकलाइतांच्या' (एका भरकटलेल्या पंथाच्या) 'कृत्यांचा' द्वेष केल्याबद्दल वाखाणणी होते, माणसांच्या नव्हे, कृत्यांच्या. आणि दोनच वचनं आधी तिलाच ऐकावं लागतं की तू आपली पहिली प्रीती सोडलीस.

म्हणून राजीनाम्याचं नंतर बघा. आधी हे बघा, की खोटं बिल तुमच्या हातून पुढे जातं का. जात असेल तर तिथे 'नाही' म्हणा, आणि मालक आजारी पडला तर त्याला भेटायला जा. दोन्ही जमतं.

मी तिसऱ्या वर्षी तारीख टाकायला नकार दिला. कुणी ओरडलं नाही. बिल शेजारच्या टेबलावर गेलं आणि दहा मिनिटांत तारखेसकट परत आलं. नोकरी मी त्यानंतर आठ महिन्यांनी सोडली, तीही दुसरी मिळाली म्हणून.