पहिल्यांदा एमआरआयला जाताना

पहिलाच एमआरआय आहे ना, म्हणजे मोठ्या चुंबकाच्या मशीनमध्ये झोपवून शरीराच्या आतले फोटो काढायची तपासणी? मग त्या दिवशीचे डबे आणि मुलांची शाळा दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घाला. मी सगळं उरकून धापा टाकत पोहोचले. आत धातूचं काही चालत नाही म्हणून कानातलं काढलं, पण केसातली पिन राहिलीच, परत बाहेर! पेसमेकर, क्लिप, सळई असं शरीरात काही असेल तर आधीच सांगा. आत बहुतेक वेळा 30 ते 45 मिनिटं नुसती ठकठक आणि घरघर. कानात बोळे देतात. हातात रबरी फुगा असतो, घाबरलात तर दाबायचा, लाजायचं नाही. मी तर आत सरकण्याआधीच डोळे मिटते, ते बाहेर येईपर्यंत उघडत नाही. सासूबाईंना मात्र ‘फोटो काढायला चाललेय’ एवढंच सांगते.