टर्बो नंतर, आधी क्रॉस आणि क्लच: स्लेड ओढणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये काउंटी फेअरचे, म्हणजे तिथल्या जत्रांचे, दिवस जवळ आले की स्लेड ओढण्याच्या स्पर्धेत उतरणाऱ्या डिझेल पिकअपवाल्यांचे प्रश्न वाढतात. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. स्लेड म्हणजे मागे चाकं आणि पुढे लोखंडी तवा असलेली लांबलचक घसरगाडी. तिच्यावरचा वजनाचा डबा सुरुवातीला मागच्या चाकांवर असतो. पिकअप ओढू लागली की तो पुढे सरकत येतो आणि तवा मातीत दाबला जातो. म्हणजे जितकं पुढे जाल तितकं ओझं जड. साधारण 300 फूट गाठले की ‘फुल पुल’, म्हणजे पूर्ण ओढ.

माझा मुलगा 1997ची डॉज रॅम घेऊन यंदा पहिल्यांदा उतरतोय. 12 व्हॉल्व्हचं 5.9 लिटर कमिन्स इंजिन आहे, हाताचे पाच गिअर. त्याला आधी मोठा टर्बो घ्यायचाय. घेऊ द्यावा का? – एक आई, कोलंबस, इंडियाना

ताई, टर्बोची ऑर्डर थांबवा. हाताच्या गिअरच्या त्या गाडीला कंपनीकडूनच 215 हॉर्सपॉवर होती आणि पहिल्या हंगामाला ती भरपूर आहे. पैसे आधी क्लचवर घाला. मूळची एक प्लेट थोडं डिझेल वाढवलं तरी घसरू लागते, आणि घसरणारा क्लच भर मैदानात जळतो. दोन प्लेटचा क्लच बसवा.

त्याआधी मात्र एक काम याच आठवड्यात करा. या इंजिनाच्या पुढच्या टायमिंग कव्हरच्या आत, हाउजिंग जागेवर बसावं म्हणून, एक छोटी पोलादी पिन ठोकलेली असते. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ती सैल होत बाहेर येते आणि थेट टायमिंग गिअरमध्ये पडते. हाउजिंग फुटतं, कधी सगळं इंजिनच जातं. इकडचे मेकॅनिक तिला ‘किलर डॉवेल पिन’ म्हणतात ते उगाच नाही. उपाय अगदी स्वस्त आहे: कव्हर उघडायचं, पिन आत ठोकायची आणि शेजारच्या बोल्टखाली एक पत्रा असा बसवायचा की ती पुन्हा बाहेर येऊच नये. मुलाला हे काम स्वतःच्या हाताने करू द्या. इंजिनाशी त्याची ओळख तिथेच होईल.

मी पूर्वी निगडीला ट्रकच्या गॅरेजात टाटाच्या गाड्यांमधली कमिन्सची 6बीटी इंजिनं उघडायचो. आता ओहायोत आहे. तो अनुभव इथे चालेल का? – टोलेडो

चालेल काय, सोन्यासारखा आहे! जमशेदपूरला टाटा कमिन्समध्ये बनलेलं 5.9 लिटरचं ते इंजिन आणि डॉजमधलं हे एकाच घराण्यातलं. बोअर 102 मिलिमीटर, स्ट्रोक 120, लोखंडी ब्लॉक, सहा सिलिंडर एका रांगेत. फरक डिझेलच्या पंपात पडेल. 1994 ते 98च्या डॉजवर बॉशचा पी7100 हा रांगेतला पंप आहे, संपूर्ण यांत्रिक. इथले लोक त्याला नुसतं ‘पी-पंप’ म्हणतात आणि त्याच्यासाठीच या गाड्या शोधत फिरतात. इंजिनाचे फेरे आवरणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंग बदलून फेरे वाढवाल तेव्हा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगही कडक घाला, नाहीतर वरच्या फेऱ्यांना व्हॉल्व्ह वेळेवर बसणार नाहीत. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, 40 पीएसआयच्या वर न्यायचा असेल तर हेडचे बोल्ट काढून स्टड घाला, एकेक करून, म्हणजे हेड उचलावं लागत नाही. हेड पॅकिंग उडालं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि टोलेडोहून बोलिंग ग्रीन जवळच आहे. 1967पासून तिथे राष्ट्रीय ट्रॅक्टर पुलिंग स्पर्धा भरते, ऑगस्टमध्ये. गाड्या उभ्या असतात तिथे तासभर फिरा आणि लोकांनी हिच, म्हणजे स्लेडची चेन अडकवायचा मागचा आकडा, कसा वेल्ड केलाय ते वाकून बघा.

दीडशे फुटांनंतर माझी गाडी मागून उड्या मारते. मागच्या वेळी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा फिरता सांधा, तुटला. जाड क्रॉस घालू का? – आयोवा

घाला, पण दुखणं क्रॉसचं नाही. ओढताना मागचा ॲक्सल पिळला जातो आणि स्प्रिंगचे पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. पकड सुटली की ते सरळ होतात, चाक आपटतं, पुन्हा पकड, पुन्हा पीळ. प्रत्येक उडीत क्रॉसवर घणाचा घाव बसतो. ॲक्सलपासून चासीपर्यंत मजबूत ट्रॅक्शन बार लावा. तुमच्या वर्गाचे नियम परवानगी देत असतील तर ॲक्सल आणि चासीमध्ये ठोकळे घालून मागची बसक थांबवा.

बसक थांबवण्याचं दुसरंही कारण आहे. बऱ्याच क्लबांत साध्या वर्गांना हिचची कमाल उंची 26 इंच असते. चेन हिचकडून तव्याकडे उतरती जाते, म्हणून ओढताना ती मागची चाकं खाली दाबते. उभी असताना 26 इंच मोजलेली गाडी ओढताना चार इंच बसली, तर तुम्ही 22 इंचांवर ओढताय. तो दाब फुकट गेला. उंच हिचने पुढची चाकं हलकी होतात, त्याचा तोल पुढे टांगलेल्या वजनांनी सांभाळायचा. चारही चाकांनी माती खाल्ली पाहिजे.

आणि शाफ्टभोवती पोलादी लूप हवेतच. माझा मागचा क्रॉस दोन वर्षांपूर्वी 210 फुटांवर तुटला. शाफ्टचं टोक लूपमध्ये खडखडत राहिलं, लूप अंड्यासारखं चेपलं. ते नसतं तर टोक जमिनीत रुतलं असतं किंवा फरशी फोडून माझ्या पायाशी आलं असतं. तेव्हापासून लूप नसलेल्या गाडीच्या तयारीला मी हात लावत नाही, कुणी कितीही जवळचा असला तरी.

एक्झॉस्टचं तापमान किती चालतं? – इलिनॉय

रस्त्यावर सतत ओझं ओढताना 1250 फॅरनहाइटच्या आत ठेवा. स्लेडचा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा, तेवढ्यापुरतं काटा वर जातो. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, न जळलेलं डिझेल आहे. तापमानाचा प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्येच बसवा. ओढून झाल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच जळून कोळसा होतं.

2012ची गाडी आहे, रोज ऑफिसलाही नेतो. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, काढून टाकू का? – मिशिगन

नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं प्रदूषण रोखणारं सामान काढणं अमेरिकेच्या क्लीन एअर कायद्यानुसार बेकायदा आहे. आहे त्या सामानासह साध्या वर्गात उतरा.

निघताना झटका द्यावा का? – नेब्रास्का

अजिबात नको. चेन ताणली जाईपर्यंत हळूच पुढे या, हिरवा झेंडा दिसला की बूस्ट चढू द्या आणि मग पाय दाबा. गिअर आधीच ठरवा, मध्ये बदलायचा नाही. गाडी उड्या मारू लागली किंवा लाल झेंडा दिसला की पाय उचला. दहा फूट कमी भरले तरी गाडी चालवत घरी जाल.