शहरी पूर आणि पावसाळी गटारं यावर रिसर्च करायचाय, नेमका कुठला प्रश्न घेऊ?

तुम्ही विचारलंय की सिव्हिल झालंय, एमटेकला शहरी पूर हा विषय घ्यायचाय, गाइड म्हणतायत एखादा एरिया घ्या, सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करा, कुठला पाइप कमी पडतो ते शोधा आणि मोठा साइज सुचवा, आणि तुम्हाला वाटतंय की यात रिसर्च म्हणावं असं आहे काय. मी बरीच वर्षं याच कामात आहे आणि तुमची शंका मला अगदी रास्त वाटते. तसा प्रोजेक्ट वाईट नाही, शिकायला भरपूर मिळतं, पण त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. माझ्या मते आज अभ्यास करावा असा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, पाइप भरल्यावर पाणी कुठे जातं. आणि पाइप भरणारच, कारण तो मुळात एका ठरावीक पावसापुरताच बांधलेला असतो.

साइज काढायची पद्धत खूप जुनी आहे. पावसाची तीव्रता गुणिले क्षेत्रफळ गुणिले वाहून जाणारा वाटा, हे सूत्र आयर्लंडमध्ये मुलवनी नावाच्या इंजिनिअरने १८५१ मध्ये मांडलं आणि अमेरिकेत कुइचलिंग या इंजिनिअरने १८८९ मध्ये शहराच्या गटारांसाठी वापरलं, आजही लहान भागांसाठी तेच चालतं. समजा १० हेक्टरचा एरिया आहे आणि तासाला ६० मिमी पाऊस पडतोय, जमीन मोकळी असेल आणि तीस टक्के पाणी वाहून जात असेल तर सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी येतं, त्याच जागेवर काँक्रीट झालं आणि ऐंशी टक्के वाहायला लागलं की साधारण १.३३ घनमीटर. पाऊस तोच, पाइप तोच, पाणी अडीच पटीहून जास्त. आता हा पाइप ५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी डिझाइन केलाय असं धरा. लोकांना वाटतं म्हणजे पाच वर्षं निवांत, पण तसं नाही, त्याचा अर्थ दरवर्षी वीस टक्के शक्यता, आणि दहा वर्षांत किमान एकदा तो पाऊस ओलांडला जाण्याची शक्यता जवळजवळ ८९ टक्के येते. म्हणजे पाण्याने पाइप सोडून रस्त्यावर येणं हे डिझाइनमध्येच धरलेलं आहे. साइज कितीही वाढवा, हा आकडा कमी होतो, शून्य होत नाही, आणि हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरायची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे जुन्या पावसाच्या नोंदींवर काढलेले तीव्रतेचे आलेखही आता तसेच्या तसे धरता येत नाहीत.

म्हणून या क्षेत्रात दोन व्यवस्था मानतात. एक जमिनीखालची, पाइप आणि चेंबरची, नेहमीच्या पावसासाठी. दुसरी जमिनीवरची, रस्ते, उतार, मैदानं, सखल जागा, मोठ्या पावसासाठी. पहिली कोणीतरी बांधलेली असते, दुसरी बहुतेक ठिकाणी कोणी ठरवून बांधलेलीच नसते, ती आपोआप तयार झालेली असते आणि तिचा रस्ता एखाद्याच्या घरातून जातो. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोनेक तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस झाला, नुकसान काही अब्ज क्रोनरचं झालं, आणि त्यानंतर २०१२ मध्ये त्यांनी जो प्लॅन केला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी पाइपच मोठे करत बसायचं नाही असं ठरवलं. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसात रस्त्यावर १० सेंटिमीटरपर्यंत पाणी चालेल, त्याहून जास्त नको, असं टार्गेट ठेवलं, मग ते पाणी कुठल्या रस्त्याने न्यायचं आणि कुठल्या बागेत थांबवायचं ते आखलं. तिथली एंगहावे नावाची जुनी बाग अशीच बदलली, आता त्यात २२ हजार घनमीटरच्या आसपास पाणी साठू शकतं. किती पाणी, कुठे, किती वेळ चालेल, हे आधी उघडपणे ठरवणं ही गोष्ट कुठल्याही शहरात अभ्यासता येते आणि त्यावर काम अजून फार कमी ठिकाणी झालंय.

आता मॉडेलबद्दल, कारण तुम्ही तेच वापरणार आहात. स्वॉम म्हणजे एसडब्ल्यूएमएम हे पाऊस आणि गटारांचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं, १९७१ पासूनचं आणि फुकट, शिकायला उत्तम आहे. पण त्यात नेहमीच्या सेटिंगला दोन गोष्टी घडतात ज्या नवीन मुलांच्या लक्षात येत नाहीत. एक म्हणजे आजूबाजूच्या जमिनीवरचं पाणी थेट मॅनहोलमध्ये जाऊन पडतं, रस्त्यावरचं पाणी गटारात घेणारी मधली जाळी, तिच्यावर अडकलेला पालापाचोळा आणि प्लॅस्टिक, रस्त्याच्या कडेचा उतार हे काही आडवं येत नाही. दुसरं, चेंबर भरून वर उसळलेलं पाणी तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर हिशोबातूनच बाहेर जातं, म्हणजे जे पाणी लोकांच्या दारात आलंय नेमकं तेच मॉडेलमध्ये कुठे नसतं!! नवीन व्हर्जनमध्ये, ५.२ पासून, रस्ता आणि जाळ्या वेगळ्या दाखवता येतात, ते नक्की वापरा. मी असे कितीतरी स्पॉट बघितलेत जिथे खालचा पाइप अर्धा रिकामा आणि वर गुडघाभर पाणी, कारण पाणी आत शिरायलाच जागा नाही, आणि रिपोर्टमध्ये मात्र पाइप मोठा करा असं लिहिलेलं. जाळी किती टक्के बंद झाल्यावर तुंबायला सुरुवात होते, गाळ काढल्यावर किती आठवड्यांत परत भरतो, यावर मोजलेला डेटा इतका कमी आहे की त्यावर केलेलं साधं प्रामाणिक काम सुद्धा नवीन ठरेल.

जमिनीवरचं पाणी दाखवायचं तर टू-डी मॉडेल लागतं, म्हणजे पाणी जमिनीवर सगळ्या दिशांनी पसरताना दाखवणारं, हेक-रास नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते फुकटात करता येतं, पण इथे उंचीचा डेटा घात करतो. सॅटेलाइटवरून फुकट मिळणारा ३० मीटरचा डेटा घेतला तर त्यात उंचीची चूकच काही मीटरची असते, इमारतींचे माथे जमीन म्हणून धरलेले असतात, आणि रस्त्यावरचं पाणी कुठे वळणार हे तर पंधरा सेंटिमीटरचा फुटपाथचा दगड ठरवतो. अशा डेटावर काढलेला रंगीत नकाशा दिसतो छान, पण गल्लीच्या पातळीवर त्यावर विश्वास ठेवू नका. एरिया लहान घ्या, पण लिडारचा, म्हणजे लेझरने मोजलेल्या उंचीचा, डेटा मिळवा, नाहीतर स्वतः लेव्हल घ्या. माझं स्पष्ट मत आहे, अख्ख्या शहराच्या ढोबळ मॉडेलपेक्षा नीट मोजलेल्या चार गल्ल्या जास्त शिकवतात.

पाइपचं दुसरं टोक पण बघा. नदीची किंवा समुद्राची पातळी पाइपच्या तोंडाच्या वर गेली की पाणी बाहेर पडत नाही, झडप असेल तर ती बंद राहते, नसेल तर बाहेरचं पाणी उलटं आत येतं, आणि मग वर साधा पाऊस पडला तरी सखल भाग तुंबतो. म्हणजे पाऊस आणि भरती दोन्ही एकाच वेळी येण्याची शक्यता काढावी लागते, नुसत्या पावसाची काढून उपयोग नाही. किनाऱ्यावरच्या किंवा नदीकाठच्या शहरासाठी हा मला सगळ्यात चांगला थिसिसचा विषय वाटतो, स्टॅटिस्टिक्सची भीती वाटत नसेल तर जरूर घ्या.

हिरव्या उपायांबद्दल, म्हणजे पाणी मुरवणाऱ्या फरश्या, रेन गार्डन म्हणजे पाणी मुरवणारे झाडांचे वाफे, छपरावरची माती वगैरे, तुमच्यासमोर दोन टोकांची मतं येतील. हे उपाय लहान आणि वारंवार येणाऱ्या पावसासाठी खरंच चांगले आहेत, गटारातली घाण नदीत जाणं कमी करतात, पाणी उशिरा पोचवतात. पण चिकणमातीत तासाला जेमतेम काही मिमी पाणी मुरतं. चीनच्या झेंगझोऊमध्ये २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला, तिथे स्पंज सिटीची, म्हणजे शहराने स्पंजसारखं पाणी शोषावं अशी, कामं झालेली होती, पण असल्या पावसासाठी ती कुठेच बांधत नाहीत. त्यामुळे हिरवं की पाइप हा वाद घालत बसू नका, कुठल्या आकाराच्या पावसाला कोण किती उपयोगी ते मोजा, आणि पाच-सात वर्षांनी फरशीची छिद्रं बुजल्यावर किती उरतं तेही.

आणि पूर किती खोल आहे एवढ्यावर थांबू नका, जोखीम म्हणजे पाणी, त्या पाण्यात कोण आहे आणि त्याला ते किती झेपतं हे सगळं मिळून. न्यूयॉर्कची गटारं साधारण तासाला ४४ मिमी पावसासाठी बांधलेली, १ सप्टेंबर २०२१ ला सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिमी पडला, आणि शहरात त्या पुरात जे दगावले त्यातले बहुतेक जण बेसमेंटमधल्या घरांत राहणारे होते. कुठल्याही मॅनहोलच्या आकड्यात हे दिसलं नसतं. त्या लोकांना बाहेर पडायला किती मिनिटं मिळाली असती, इशारा त्यांच्या भाषेत पोचला असता का, हा सुद्धा आपल्याच क्षेत्राचा रिसर्च आहे आणि मला तर वाटतं तोच सगळ्यात जास्त राहिलाय. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या भूगोल अभ्यासकाने १९४० च्या दशकातच मांडलं होतं की नुसते बांध घालत गेलं तर लोक निर्धास्त होऊन पुराच्या जागी आणखी वस्ती करतात आणि नुकसान वाढतं. मोठ्या पाइपचंही हेच होऊ शकतं.

सुरुवात कशी करायची तर आधी हाताने एका लहान भागाचं सूत्राने गणित करा, मग तोच भाग स्वॉममध्ये टाका, आकडे जुळतात का बघा. मग पाऊस चालू असताना त्या जागेवर जा, पण वाहत्या पाण्यात उतरू नका, चेंबरचं झाकण दाबाने उचललेलं असेल तर वरून कळत नाही. चेंबरमध्ये पातळी मोजणारा साधा सेन्सर परवानगी घेऊन बसवता आला तर उत्तम, नाहीतर भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा मोजा, रहिवाशांकडून वेळेसकट व्हिडिओ मागा. फक्त लक्षात ठेवा की व्हिडिओ गजबजलेल्या रस्त्यांचेच जास्त येतात, जिथे कोणी शूट केलं नाही तिथे पाणी नव्हतं असं धरू नका. पावसाचा डेटा रोजचा चालणार नाही, शहराच्या लहान भागात पाणी वीस-तीस मिनिटांत गटाराशी पोचतं, त्यामुळे पाच मिनिटांचा किंवा त्याहून बारीक हवा. आणि पर्जन्यमापक व सेन्सर यांची घड्याळं पहिल्याच दिवशी जुळवून घ्या, दहा मिनिटांचा फरक राहिला तरी नोंदींमध्ये पाणी पावसाच्या आधी आलेलं दिसू शकतं आणि मग तुम्ही चूक भलत्याच ठिकाणी शोधत बसता.