भाग अस्सल, पण घड्याळ?
वाचकांचे प्रश्न : छंद आणि संग्रह

प्रश्न : गेली सहा वर्षे मी मनगटी घड्याळे जमवतो. नवे रोलेक्स घेण्याची ऐपत नसल्यामुळे मी त्याच कंपनीचे सबमरीनर हे घड्याळ भागाभागाने उभे केले. त्याची तबकडी आणि काटे अस्सल आहेत, केस (बाहेरचे धातूचे कवच) आणि चेन उत्तम प्रतीच्या नकलेची आहे, आणि आत ईटीए कंपनीचे स्विस मशीन आहे. कॅम्पातल्या एका जुन्या कारागिराने हे सारे जुळवून दिले. सेकंदकाटा न अडखळता सरकतो आणि वेळही चोख लागते. मित्र त्याला बनावट म्हणतात, ते मला पटत नाही, कारण निम्म्याहून अधिक खर्च अस्सल भागांवरच झाला आहे. हे घड्याळ अस्सल म्हणावे का, आणि पुढेमागे ते विकता येईल का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपली तबकडी अस्सल असेल, काटेही असतील, घड्याळ मात्र अस्सल नाही. सरकणाऱ्या सेकंदकाट्याचा पुरावा इथे उपयोगी पडत नाही. ईटीएचे २८२४ आणि रोलेक्सचे ३१३५ ही दोन्ही मशिने तासाला २८,८०० ठोक्यांची आहेत, त्यामुळे दोन्हींचा काटा सेकंदाला आठ पावले टाकतो आणि डोळ्यांना तो सारखाच दिसतो. फरक पाहायचा असेल तर मागचे झाकण उघडावे लागते. ३१३५ मध्ये वेळेची लय राखणारे झुलते चक्र दोन्ही बाजूंनी स्क्रूने आवळलेल्या पुलाखाली, म्हणजे आडव्या पट्टीखाली असते, तर ईटीएमध्ये त्याला एकाच बाजूचा आधार असतो.

माझा खरा आक्षेप आपल्या नकली केसवर नसून त्या अस्सल तबकडीचे जे झाले असेल त्यावर आहे. तबकडीच्या पाठीला दोन बारीक पाय असतात आणि ते मशीनमधल्या ठरलेल्या भोकांत बसतात. रोलेक्सच्या तबकडीचे पाय ईटीएच्या भोकांशी जुळत नाहीत, म्हणून कारागीर ते कापतो आणि तबकडी चिकट ठिपक्यांनी मशीनवर बसवतो. आपल्या कारागिराला हे जरूर विचारा. पाय कापले गेले असतील, तर ती तबकडी तिच्या मूळ मशीनवर पहिल्यासारखी बसणार नाही आणि तिची किंमतही उतरली असे समजा. नकलेत अस्सल भाग घातल्याने नक्कल वर चढत नाही, पण एक अस्सल भाग कायमचा बाद होतो. संग्राहक म्हणवणाऱ्याने हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘निम्म्याहून अधिक अस्सल’ हा हिशेब या व्यवहारात चालत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या एका लिलावात १९५७ सालचे म्हणून मांडलेले ओमेगा या स्विस कंपनीचे स्पीडमास्टर घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. २०२३ साली ओमेगानेच जाहीर केले की ते निरनिराळे, बहुतांशी अस्सल भाग जुळवून केलेले घड्याळ होते आणि त्याचे मशीन मुळात दुसऱ्याच ओमेगातले होते. गंमत अशी, की ते विकत घेतले होते ओमेगाच्याच संग्रहालयाने. तिथे ही गत, तर आपल्या घड्याळाची केस मुळातच दुसऱ्या कोणीतरी रोलेक्सचे नाव कोरून बनवलेली आहे.

विक्रीबद्दल म्हणाल, तर हे घड्याळ विकू नये. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०४ नुसार खोटे व्यापारचिन्ह असलेला माल विकणे किंवा विक्रीसाठी जवळ बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. गिऱ्हाइकाला खरे सांगून विकले म्हणजे सुटलो, असे धरून चालू नका. केसवरचे नाव तेवढ्याने खरे होत नाही. पैसे मोकळे करायचेच असतील तर अस्सल तबकडी आणि काटे काढून, पाय कापले असतील तर तसे लिहून देऊन, सुटे भाग म्हणून विका. घड्याळ ठेवायचे असेल तर कोणता भाग कुठून आणि कितीला घेतला याचा कागद त्याच डबीत ठेवा, नाहीतर आपल्या पश्चात मुले ते वडिलांचे रोलेक्स म्हणून सराफाकडे घेऊन जातील.

प्रश्न : जुन्या बाजारात रविवारी एचएमटीचे पायलट हे घड्याळ घेतले. तबकडी इतकी कोरी आहे की शंका येते. ते खोटे असेल का? रोज वापरावे का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे

उत्तर : मशीन बहुधा खरे असेल, तबकडी मात्र रंगवलेली असण्याची शक्यता दाट आहे. पायलट आणि जनता या एचएमटीच्या दोन्ही घड्याळांत एकच ०२३१ मशीन असते. त्यामुळे जनताच्या तबकडीवर काळा रंग आणि पायलटची अक्षरे चढवली की पायलट तयार होते, आणि कंपनीचे घड्याळांचे मोठे कारखाने बंद पडल्यापासून या उद्योगाला बरकत आली आहे. भिंगातून मिनिटांच्या रेघा पाहा. कारखान्यात छापलेल्या रेघांची टोके एका ओळीत येतात. हाताने केलेल्या कामात एखादी रेघ जाड होते, एखादी पुढे जाते, आणि कंपनीच्या नावाच्या अक्षरांच्या कडा पसरट दिसतात. तबकडी रंगवलेली निघाली तरी घड्याळ खुशाल वापरा. आपण त्यासाठी पायलटची पूर्ण किंमत मोजली असेल, तर मात्र पुढच्या रविवारी त्याच विक्रेत्याकडे भिंग घेऊन जा.