से कॅथेड्रलला जाशील तेव्हा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यापासून मनात तेच घोळतंय. जुन्या गोव्यातलं ते मोठं पांढरं चर्च बघायचंय म्हणालीस, ते से कॅथेड्रल. 'से' म्हणजे पोर्तुगीजमध्ये आसन. आपण शंकराचार्यांचं पीठ म्हणतो, त्याच अर्थाने हे गोव्याच्या आर्चबिशपांचं पीठ. १५६२ मध्ये बांधायला घेतलं, इमारत उभी राहायला १६१९ उजाडलं. समोरून ते एका अंगाने उणं दिसेल, कारण दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा कुणी उभारला नाही. उरलेल्या मनोऱ्यात सोनेरी घंटा आहे. तिला हे नाव मिळालं ते तिच्या आवाजामुळे. तो कानावर पडला तर जरा थांबून ऐक.

हे सगळं तुला तिथली पाटीही सांगेल. मला सांगायचंय ते वेगळं. तिथे आजही मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवलेली सामूहिक उपासना होते, लग्नं लागतात. समुद्रावरून थेट तिकडे जाणार असाल तर पिशवीत एक ओढणी आणि गुडघ्याखाली येणारं काहीतरी असू दे. चप्पल काढायला लागत नाही, टोपी मात्र काढतात. दाराशी पाण्याचं लहान भांडं दिसेल, ते पवित्र पाणी. त्यात बोटं बुडवून लोक क्रूसाची खूण करतात; हात धुवायचं ते पाणी नव्हे. बाकांच्या पुढच्या बाजूला खाली एक फळी असते. ती गुडघे टेकायची, तिच्यावर पाय ठेवू नकोस. आमच्या वसईत पाहुणे हटकून ठेवतात, आणि कुणी त्यांना बोलत नाही, पण डोळ्यांना खुपतं.

जमलं तर मिस्साच्या वेळेला जा आणि मागच्या बाकावर बस. कोकणीत चालली तर तुला निम्मीअधिक कळेल. सगळे उठले की ऊठ, बसले की बस. गुडघे टेकायची सक्ती तुला नाही. त्या वेळात मोबाइल पिशवीतच राहू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटाकडे लोक रांगेने वेदीपाशी जातात आणि फादर प्रत्येकाला एक पातळ, गोल, पांढरी चकती देतात. तुला वाटेल, प्रसाद आहे, नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे प्रसाद नाकारणं वाईट, हे तुझ्या अंगात भिनलंय, आणि ते चांगलंच आहे. पण इथे न घेणं हाच आदर. आमच्या श्रद्धेप्रमाणे ती भाकर राहिलेली नसते, ख्रिस्ताचं शरीर झालेली असते, आणि बाप्तिस्मा झालेले, तयारी केलेले कॅथलिकच ते घेतात. आमच्या ओळखीतल्या एका लग्नात नवऱ्यामुलाच्या ऑफिसातल्या एक बाई दोन्ही हात पुढे करून उभ्या राहिल्या, आणि मिळालेलं रुमालात बांधू लागल्या. घरी आजारी सासूबाईंना द्यायचं होतं त्यांना. फादर दोन पायऱ्या उतरून खाली आले, हळूच ते परत घेतलं आणि म्हणाले, "सासूबाईंचं नाव सांगा, मी प्रार्थना करतो." त्या बाईंच्या मनात भक्तीच होती, म्हणून मला अजून वाईट वाटतं, की आम्हा बाजूला बसलेल्यांपैकी कुणी त्यांना आधी सांगितलं नाही. म्हणून तुला सांगते. रांग निघाली की जागेवरच शांत बसून राहा. कुणालाही ते वावगं वाटत नाही.

जिथे लहानसा दिवा अखंड तेवत असेल तिथे आवाज आणखी खाली. त्याचा अर्थ, तेच पवित्र शरीर तिथे जपून ठेवलंय.

इतिहास तुला टोचेल, टोचायलाच हवा. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात १५६० मध्ये आलं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. त्याचा वाडा याच परिसरात होता. देवळं पाडली गेली, माणसं आपले देव घेऊन नदीपलीकडे गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली ती अशी. मी ख्रिस्ती आहे, पण हे तुझ्यापासून झाकणार नाही. शक्य असेल तर त्याच दिवशी मंगेशीलाही जा, म्हणजे दोन्ही टोकं दिसतील. फक्त बाकावर जपमाळ ओढत बसलेल्या आजीकडे त्याचा हिशेब मागू नकोस. तिचे पूर्वज त्या काळात कुठल्या बाजूला भरडले गेले, हे तिलाही ठाऊक नसेल.

फोटो काढायचे तर आधी पाटी वाच, मग वेदीकडे पाठ करून उभी न राहता काढ. हे चर्च जिच्या नावाने आहे त्या संत कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग मुख्य वेदीवर कोरलेत, ते मात्र नुसत्या डोळ्यांनी सावकाश बघ. निघताना दाराशी कुणी राखणदार असेल तर "देव बरें करूं" म्हण. गोव्यात आभार असेच मानतात.

आणि मिस्साची वेळ आदल्या दिवशीच विचारून घे, सणावारी बदलते.

तुझ्या बाई,
वसई