हेलेना त्सेंगेल ही जर्मन अभिनेत्री कोण आहे?

टॉम हँक्ससोबत ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या हॉलिवूडपटात दिसलेली मुलगी म्हणजेच हेलेना त्सेंगेल. तिचा जन्म २००८ साली बर्लिनमध्ये झाला. तिचे नाव झाले ते मात्र त्याआधीच्या, २०१९ मधील ‘सिस्टमस्प्रेंगर’ या जर्मन चित्रपटामुळे. नोरा फिंगशाइट यांच्या या चित्रपटात, कोणत्याही बालगृहात न टिकणाऱ्या, क्षणात संतापाने पेटून उठणाऱ्या नऊ वर्षांच्या बेनीची भूमिका तिने इतक्या ताकदीने साकारली, की २०२० मध्ये तिला जर्मन चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला (तेव्हा तिला बारावे वर्षही पूर्ण झाले नव्हते). ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मधील, कायोवा या अमेरिकेतील मूलनिवासी जमातीत वाढलेल्या, मोजकेच बोलणाऱ्या जोहानाच्या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोबचे नामांकनही मिळाले. माझ्या मते बेनीच अधिक सरस.